शिवेच्या आतला गोलकीपर

अंबाजोगाईहून आलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या व्हरांड्यात हरिबांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. आधी उजव्या, मग डाव्या, आणि पुन्हा उजव्या.

"आजोबा, मोतीबिंदू पार पिकलाय. आता थांबलात तर नंतर मलाही काही करता येणार नाही. येत्या सोमवारी अंबाजोगाईला या. दुसऱ्या दिवशी घरी."

"जमायचं न्हाई, बाई," हरिबा नम्रपणे म्हणाले. "मॅच चालू हाय."

"टीव्हीवरची ना? मग संपल्यावर या."

"तेच म्हणतोय मी. संपली की येतोच."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी पुढच्या म्हातारीला बोलावलं. मागं उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला, जानकीबाईंना, मात्र हसू आलं नाही. ही मॅच टीव्हीवरची नव्हती. ती सुरू झाली तेव्हा त्यांचा मुलगा राम पोटात होता, आणि आता रामच्या कानावरचे केस पांढरे झाले होते. तेवढ्या काळात हरिबांनी कवठगव्हाणची शीव एकदाही ओलांडली नव्हती.

कवठगव्हाण म्हणजे सिरसाळ्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून आत गेलेलं गाव. इथं आंतरराष्ट्रीय फुटबॉल झाला असं सांगितलं तर आज सिरसाळ्याच्या बाजारात माणसं तोंड फिरवून हसतात. पण झाला. तीन वर्षं झाला. जानकीबाईंनी त्या परदेशी पोरांना स्वतःच्या हातानं भाकरी वाढल्या होत्या, तेव्हा त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याचं असं झालं. सोसायटीचे चेअरमन राधाकिशनराव एकदा बारदान पाहायला कलकत्त्याला गेले. बारदान काही जमलं नाही, पण तिथं त्यांनी लाखभर माणसं एका चेंडूसाठी रडताना पाहिली. परत आले ते बगलेत कातडी चेंडू घेऊनच. पारावर उभं राहून म्हणाले, "आपल्या पोरांना हुतूतूशिवाय काय येत न्हाई, म्हणून मराठवाडा मागं राहिला." कुणी विचारलं, मग तालुक्याचे सामने घ्यायचे का? राधाकिशनरावांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "तालुका कावून? घ्यायचा तर आंतरराष्ट्रीय."

परदेशी क्लब आणायचे कुठून, हा प्रश्न वाटला तेवढा अवघड निघाला नाही. औरंगाबादेत तेव्हा येमेनची पुष्कळ पोरं औषधशास्त्र शिकायला असत. त्यांचा साना स्टुडंट क्लब झाला. परळीत रात्री पहारा देणारे नेपाळी होते, दिवसा मोकळेच असत. त्यांचा एव्हरेस्ट क्लब झाला. तिसरा गावचाच होता. चौथा क्लब हैदराबादेतून आला, आणि हैदराबाद परदेश धरावा की नाही यावर पंचांत तंटा पडला. शेवटी सरपंच आप्पांनी निकाल दिला. "आमच्या ल्हानपणी आपून समदे हैदराबादेतच होतो. ते जागच्या जागी हायत, आपून निघून आलो. म्हंजी परदेशी आपून." हे कुणालाच खोडता आलं नाही, आणि पहिल्या वर्षी चार क्लबांत कवठगव्हाणचा जय हनुमान क्लब परदेशी म्हणून उतरला.

पंच होते नबीभाई. त्यांचं सायकलचं दुकान होतं आणि गावात शिट्टी फक्त त्यांच्याकडं होती. फुटबॉलचे कायदे कुणाला धड ठाऊक नव्हते. माहीत असलेले दोन-चार कायदे संपले की पुढं हुतूतूचा कायदा लागू व्हायचा. येमेनची पोरं पहिल्या दिवशी बुचकळ्यात पडली, मग त्यांनीही ते मान्य केलं. भाकरी आणि लाल ठेचा खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं तरी ती आणखी मागायची. त्यांचा कप्तान सालेम, उंच, हसरा, कुरळ्या केसांचा. "भाभी, और थोडा," म्हणत ताट पुढं करायचा तेव्हा लग्न होऊन नुकत्याच आलेल्या जानकीबाई पदराआड हसायच्या.

पहिल्या वर्षी कप नेपाळ्यांनी नेला, दुसऱ्या वर्षी सानानं. तिसऱ्या वर्षी साना आणि जय हनुमान अंतिम सामन्यात आले. गोलात हरिबा.

त्या दिवशी कुणी एक उपमंत्री येणार होते. राधाकिशनरावांनी भट्टीवरून आणलेल्या चुन्यानं एसटी थांब्यापासून मैदानापर्यंत 'सुस्वागतम्' काढलं, बाण काढले, मध्ये मध्ये कमळं काढली. उपमंत्री आले नाहीत. आणि मैदानाच्या रेषा आखायला चुना उरला नाही. गोलाचे खांब तेवढे होते, पांगाऱ्याचे ओले दांडके तोडून रोवलेले. रेषा कुठंच नाही. खेळ सुरू झाल्याबरोबर चेंडू बोरीच्या झुडपात गेला आणि भांडण लागलं. बाहेर गेला की आतच आहे?

नबीभाई म्हणाले, "लकीरच नहीं तो बाहर कां से होता?"

आप्पा उठले. आप्पांनी आयुष्यभर जमिनीचे तंटे मिटवले होते. ते म्हणाले, "रेषा न्हाई कसं? गावाला शीव हाय ना! देवानं घालून दिलेली रेषा हाय ती. नवरदेवबी तिथंच थांबतो. शिवेच्या आत ते आत, भायेर ते भायेर. आन् जो गडी शीव ओलांडील तो हुतूतूच्या कायद्यानं बाद, त्याचा क्लब हरला."

टाळ्या पडल्या. मॅच गावभर झाली. चेंडू गोठ्यात गेला, गिरणीत गेला, वच्छलाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवरून गेला, त्याबद्दल वच्छलाबाईंनी साना क्लबच्या एका गड्याला झाडूनं मारलंही. अखेरीला जय हनुमान दोन, साना एक. दिवस कलला. आणि तेवढ्यात सालेम चेंडू घेऊन हरिबांच्या समोर आला.

जय हनुमानच्या एका गड्यानं त्याला अडवलं, पण अंगातली सवय जाते कुठं? त्यानं सूर मारून सालेमचा घोटा धरला, "हुतूतूतू" करत त्याला खाली पाडलं, आणि पंचांनी शिट्टी वाजवली तरी त्याचा दम जाईपर्यंत सोडला नाही.

पेनल्टी.

सालेमनं चेंडू मांडला. हरिबा हात पसरून उभे राहिले. आणि एसटीनं हॉर्न दिला.

औरंगाबादची शेवटची गाडी होती ती. पोरांचे दुसऱ्या दिवशी पेपर होते. राधाकिशनराव ड्रायव्हरच्या पाया पडायचे बाकी राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "मी मंत्र्यासाठी गाडी थांबवत न्हाई, चेंडूसाठी थांबवू का?" नबीभाईंनी साना क्लबला आणि पेनल्टीत ज्यांचं काम नाही अशा गावच्या गड्यांनाही शीव ओलांडायची रीतसर परवानगी दिली, पण सालेमला राहवेना. त्यानं उजव्या पायातला बूट काढला आणि चेंडूशेजारी ठेवला. म्हणाला, मी इथंच आहे असं समजा, पेपर झाले की येतो.

आप्पांना ते फार आवडलं. "रामाच्या पादुका ठेवून भरतानं राज्य चालवलं. एक पेनल्टी चालत न्हाई व्हय?"

"आन् मी?" हरिबांनी गोलातून विचारलं.

"तुला कसं सोडता येईल? मारणारा कधीबी येईल. अडवणारा कायम हजर पायजे."

एवढं बोलून आप्पा घरी गेले. पुढच्या महिन्यात राधाकिशनराव निवडणुकीत पडले आणि त्यांनी फुटबॉलचं नाव टाकलं. सालेम पेपर देऊन कुठल्या कुठं गेला. वर्षा-दोन वर्षांनी आप्पाही गेले. कप मारुतीच्या देवळात राहिला, पुजारी त्यातून तीर्थ वाटू लागला. बूट देवळाच्या कोनाड्यात गेला, त्याला दसऱ्याला झेंडूचं फूल मिळायचं. पांगाऱ्याच्या खांबांना पालवी फुटली, त्यांची झाडं झाली. ती जाड होत गेली तसा मधला गोल अरुंद होत गेला, आणि हा फायदा कुणाच्या बाजूचा यावर पारावर अजून वाद होतो.

हरिबा मात्र राहिले. शेती गावातच होती, त्यामुळे पोटाची अडचण आली नाही. लेक वैष्णवीचं लग्न करून दिलं तेव्हा शिवेपर्यंत गेले आणि दगडाशेजारी उभं राहून जीप दिसेनाशी होईस्तोवर हात हलवत राहिले. नातू झाला तर तो शिवेवर आणून दाखवला. जानकीबाईंचं माहेर आष्टीकडं. आई गेली तेव्हा त्या एकट्या गेल्या, हरिबांनी शिवेवरून आष्टीच्या दिशेला हात जोडले. आधी माणसं त्यांना हसली. मग त्यांना त्याची सवय झाली. मग तर बाहेरचा कुणी पाहुणा त्यांना हसला तर गावाला राग येऊ लागला. अख्ख्या दुनियेत एकाच गावाचा क्लब आंतरराष्ट्रीय सामन्यात पुढं होता, दोन-एकनं, आणि ती आघाडी एका माणसानं धरून ठेवली होती.

पण आता त्या माणसाला समोरचं ताट दिसत नव्हतं. चहाचा कप घ्यायला हात पुढं करायचे तो वीतभर बाजूला जायचा. जानकीबाई कप हळूच हाताखाली सरकवायच्या.

शाळेतल्या डोळ्यांच्या शिबिराहून आल्या तशा त्या चपलाही न काढता नबीभाईंच्या दुकानात गेल्या. नबीभाई आता फार थकले होते. दुकान मुलगा मुबीन चालवायचा, पण ते खुर्चीवर बसून असत आणि शिट्टी अजून गळ्यात असे.

"नबीभाई, फुका शिट्टी. संपवा ते येडेपण."

"वहिनी, पेनल्टी बाकी हाय. पेनल्टी बाकी ठेवून शिट्टी फुकली तर वर जाऊन आप्पाला काय सांगू?"

"माणूस आंधळा व्हाया लागलाय."

नबीभाईंनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "मारणारा आला तर संपंल," ते म्हणाले. "त्याच्याबिगर न्हाई."

मग त्यांची नात मुबश्शिरा पुढं झाली. ती औरंगाबादला शिकत होती, सुट्टीला आली होती. तिनं मोबाईलवर येमेनच्या जुन्या विद्यार्थ्यांचा कुठला तरी गट शोधला, तिथं कुणाला विचारलं, त्यानं आणखी कुणाला विचारलं, आणि दोन दिवसांनी पडद्यावर एक टकला, जाडजूड म्हातारा उगवला. मागं औषधांच्या बाटल्यांची कपाटं होती. जानकीबाईंनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, चुकीचा माणूस लागला. मग तो हसला.

"भाभी! वो लाल ठेचा अब भी बनाती क्या?"

जानकीबाई पदराआड हसल्या. त्यांनी मान हलवली. नबीभाईंनी सगळी हकीकत सांगितली. सालेम ऐकत राहिला. "हरिबा अब तक गोल में खडा है?" त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, चष्मा काढून डोळे पुसले, मग स्वतःचा गुडघा कॅमेऱ्यापुढं धरून पट्टा दाखवला. येणं शक्य नव्हतं. चार पावलंही धड चालवत नव्हती.

"बूट है ना वहां?" तो म्हणाला. "बस. बूट जिसके पांव में, वो मेरा खिलाडी."

"कुणाच्या पायात घालायचा?" मुबीननं विचारलं. गावातली पोरं मागं सरकली. हरिबांवर पेनल्टी मारायला कोण तयार होणार? घातला गोल तर गावाचा वैरी, न घातला तर मुद्दाम सोडला म्हणणार.

"माझ्या पायात," जानकीबाई म्हणाल्या.

पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा चढवला. "भाभी, लेकिन जोर से मारना. मेरी इज्जत का सवाल है."

घरी आल्यावर त्यांनी हरिबांना सांगितलं. हरिबा खाटेवर उठून बसले. त्यांना आनंद झाला की भीती वाटली, ते कळेना.

"तू? सानाकडनं?"

"म्या. परवानगी घेतलीय."

"बरं." ते खाटेच्या कडेला सरकले. "पण एक सांगतो, राम्याची माय. मुद्दाम भायेर मारलास तर मला कळंल. डोळे गेले, कान न्हाई गेले. चेंडूला पाय कसा लागला ते मला आवाजावरनं कळतं. तसलं काय केलंस तर मी ती पेनल्टी मानणार न्हाई."

"आन् खरं मारलं आन् गोल झाला तर?"

"तर दोन-दोन. मग जादा वेळ."

इथं जानकीबाई अडकल्या. जादा वेळ म्हणजे पुन्हा दोन्ही संघ. जय हनुमानचे निम्मे गडी वारले होते, उरलेले पुण्याला मुलांकडं. साना क्लब कुठं कुठं पांगलेला. तो जादा वेळ कधीही झाला नसता, आणि हरिबा आंधळे होऊन शिवेच्या आत तसेच उभे राहिले असते. मुद्दाम चुकवायची नाही आणि गोलही व्हायचा नाही. खाटेवर पडून त्या आढ्याकडं पाहत राहिल्या.

रविवारी गाव मैदानात लोटलं. माणसं ट्रॅक्टरवर चढली. पुजाऱ्यानं कप घासून आणला. सालेमचा बूट जानकीबाईंच्या पायाला केवढा तरी मोठा होता. वच्छलाबाईंनी आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबून तो बसवला. एका पायात बूट, दुसऱ्यात रबरी चप्पल, पदर खोचलेला.

"जानके, पापडाची भरपाई राहिलीय बग सानाकडनं," वच्छलाबाई नाडी आवळत म्हणाल्या.

"आवळ गप. पाय आकडलाय माझा."

"आगं, नवऱ्याला लाथ मारायची संधी आलीय समद्या गावासमोर, आन् तू रडायलीस? आमाला मिळाली असती तर!"

बायका खिदळल्या. जानकीबाई हसल्या नाहीत. त्या चेंडूमागं जाऊन उभ्या राहिल्या. मुबश्शिरानं मोबाईल उंच धरला, त्यात सालेम छातीवर हात ठेवून उभा होता.

दोन पांगाऱ्यांच्या मधे हरिबा वाकून उभे होते. हात पसरलेले, नजर चेंडूच्या थोडी डावीकडं. त्यांना चेंडू दिसत नव्हता हे जानकीबाईंना कळलं, आणि गोलात स्वतः नेमके कुठं उभे आहेत तेही त्यांना नीटसं ठाऊक नाही, हेही कळलं. तरी उभे होते. ओठ घट्ट मिटलेले. लग्नात अंतरपाटाच्या पलीकडं असाच चेहरा होता, इतका गंभीर की हा माणूस आपल्याशी कधी बोलेल का, अशी त्यांना तेव्हा भीती वाटली होती.

आणि मग त्यांना सुचलं. चेंडू बाहेर मारायचा नाही, खरंच मारायचा. सगळी ताकद लावायची. पण नेम गोलाचा धरायचा नाही. नवऱ्याचा धरायचा.

नबीभाईंनी हात वर केला, पेनल्टीची शिट्टी फुंकली. जानकीबाई धावल्या. बूट धप्प करून चेंडूला लागला, आणि इतका जोरात लागला की बूटही मागून उडाला. चेंडू सरळ गेला. हरिबांना तो दिसला नाही. तो त्यांच्या पोटावर आदळला, ते "हुं" करून त्याच्यावर दुमडले आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळून खाली बसले.

ट्रॅक्टरवरची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"आलाय का?" हरिबांनी खालूनच विचारलं. "माझ्याकडंच हाय का?"

"हाय! हाय! तुमच्याकडंच हाय!" सगळं गाव ओरडलं.

नबीभाईंनी अखेरची शिट्टी तोंडाला लावली. नुसती हवा गेली. त्यांनी ती मांडीवर आपटली, पुन्हा फुंकली, आणि लांब, कापरी शिट्टी वाजली. इतकी वर्षं पोटात राहिलेली ती शिट्टी त्यांना थांबवताच येईना. मुबीननं शेवटी हळूच हात धरला.

सोमवारी सकाळी गावातल्या पप्पूची जीप दारात आली. सगळं गाव शिवेपर्यंत पोचवायला आलं. कुणी नारळ फोडला, कुणी हरिबांच्या हातात कप दिला, त्यातून अजून तुळशीचा वास येत होता. जीप शिवेच्या दगडापाशी आली तेव्हा हरिबांनी जानकीबाईंचा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग दगड मागं गेला. काहीच झालं नाही. आभाळ तसंच होतं.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत हरिबा मांडीवरच्या कपाची कड बोटानं चाचपत होते. मग म्हणाले, "पप्पू, गाडी थांबव."

पप्पूनं ब्रेक मारला. "काय झालं काका? मळमळतंय का?"

"माझं चुकलंय." हरिबांनी कप मांडीवरून खाली ठेवला. "चेंडूला पाय लागायच्या आधीच मी एक पाऊल पुढं आलतो. तिच्या बांगड्या वाजल्या, मला वाटलं आली. गोलकीपरनं आधी हलायचं नसतं. ती पेनल्टी परत घ्यावी लागंल. गाडी फिरव."

पप्पूनं आरशातून जानकीबाईंकडं पाहिलं. जानकीबाईंनी पदर सावरला.

"म्हंजी मॅच संपली न्हाई म्हणायचं का?"

"न्हाई संपली. चालू हाय."

"मॅच चालू हाय," जानकीबाई सावकाश म्हणाल्या, "आन् तुमी शिवेच्या भायेर हायत. पंचाला न विचारता."

पप्पू हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागला. मागून एक एसटी हॉर्न देत निघून गेली.

"म्हंजी बाद," हरिबा म्हणाले.

"बाद."

"आपून हरलो?"

"हरलो."

हरिबांनी मोठा श्वास सोडला आणि ते सीटला टेकले. "निकाल लागला म्हण की एकदाचा," ते म्हणाले. मग पुढं वाकले. "पप्पू, गावात बोलू नगंस बे."

"माझ्या तोंडाला कुलूप, काका."

जीप पुन्हा निघाली. नवा रस्ता काळाभोर होता. हरिबांनी काचेला नाक लावलं. बराच वेळ धूसर डोळ्यांनी बाहेर पाहत राहिले. रस्त्याच्या कडेनं पांढरा पट्टा पळत होता, न तुटता, वळणावर वळत, पुढं पुढं.

"जानके," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी जानकीबाईंना नावानं हाक मारली असेल. "ह्ये पांढरं पांढरं काय पळतंय? रेषा मारलीय का काय?"

"व्हय. रेषाच हाय."

"अंबाजोगाईपतूर?"

"त्याच्याबी पुढं."

हरिबांनी मान हलवली. "केवढा चुना लागला असंल," ते म्हणाले.